नलूमावशी आणि फ्लोराचा दगड

नलूमावशी गेली.
आज सकाळी, रोह्याला. चहा घेता घेता.

मी पेणहून निघालेय. एसटी वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलीय. स्वस्थ बसवत नाही, म्हणून लिहितेय.

मावशीला कुत्र्यांची भयंकर भीती. गल्लीत कुत्रं दिसलं की रस्ता बदलायची.
आणि हीच बाई एका कुत्रीच्या कबरीसाठी जेसीबीसमोर बसली होती.

रोह्याच्या अलीकडे रस्त्याकडेला एक जुना दगड होता. इंग्रजांच्या काळात कुणा साहेबाने आपल्या कुत्रीसाठी उभा केलेला. वर नाव, फ्लोरा. खालच्या ओळी पार झिजलेल्या.
सगळे त्याला ‘कुत्रीचा दगड’च म्हणायचे.

रस्ता रुंद करायचं ठरलं. दगड मध्ये येत होता.

मावशीने ऑफिसांत खेटे घातले. हा जुना ठेवा आहे, याची नोंद करा, म्हणून.
एका साहेबांनी हसून विचारलं, “मॅडम, कुत्र्याची कबर आणि हेरिटेज?”
“कुणीतरी जीव लावला होता, त्याची खूण आहे ती. अजून काय पाहिजे?”

नोंद झाली नाही. जेसीबी मात्र आला.

मावशी पदर खोचून दगडाला टेकून बसली. ठेकेदाराचा माणूस वैतागला.
“मावशी, उठा ना. कुत्रीच हाय ती.”
“व्हय, कुत्रीच हाय. मग?”

शेवटी शेजारच्या भातशेताचे मालक धोंडूकाका पुढे आले. “माझ्या बांधावर ठेवा. मला नाय अडचण.”

दगड उपटला. सुटलो म्हणत माणसं निघाली.
मावशी हलेना.
“खालची माती कोण नेणार? नुसता दगड नेऊन काय करू?”

तिने स्वतः घमेल्यात माती भरली. काकांनी बांधावर खड्डा केला, माती ओतली, वर दगड बसवला.
अजून तिथेच आहे.

एवढा अट्टहास कशाला, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

एका दुपारी तांदूळ निवडता निवडता तीच बोलली. तिचं पहिलं बाळ बारशाआधीच गेलं होतं. घरातले पुरुष नेऊन नदीकाठी पुरून आले.

“मला जागा दाखवली नाय गो कुणी. विचारलं तर म्हणाले, विसर आता. पुढं पुरात तो काठच गेला.”

सुपातला खडा काढून तिने बाजूला टाकला.
“त्या साहेबाला निदान जागा ठाऊक होती.”



दगडाची नोंद अजून कुठेच नाही. रस्ता पुन्हा वाढणार, अशी कुजबुज आहे. धोंडूकाका थकलेत. आता ऑफिसात मी जाणार. माझं कुणी ऐकेल का, माहीत नाही. मावशीसारखं बसून राहणं मला जमेल का, तेही माहीत नाही. सकाळपासून डोक्यात हेच चाललंय.

आत्ताच सुहासदादाचा, मावशीच्या मुलाचा, फोन आला.
“बायका घरीच थांबतील. तू थेट घरी ये.”
“दादा, मी स्मशानात येणार.”
“अगं, पण…”
मग म्हणाला, “ये. तू आल्याशिवाय नेत नाय.”

मावशी, तुझी जागा मी माझ्या डोळ्यांनी बघणार आहे.

येते गो.