रोझीमावशीच्या शेगडीपाशी

नातसुनेनं सकाळीच स्लो कुकरमध्ये पोर्क, गाजरं आणि बटाटे लावून ठेवले होते. दुपारी घरभर लसूण-मिरीचा वास पसरला आणि माझं मन माझगावच्या चाळीत जाऊन पोचलं.

संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलं होतं. फोर्टात गोळीबार झाल्याची बातमी आली, आणि बाबांची कचेरी तिथंच. आई दारात नुसती उभी होती. शेजारच्या रोझीमावशीनं तिला हाताला धरून आपल्या घरात नेलं, पाठोपाठ मी. शेगडीवर मातीच्या भांड्यात डुकराचं मटण मंद आचेवर शिजत होतं. आमच्या घरी तर अंडंही येत नसे.

"वहिनी, एवढी गाजरं तासून द्या," मावशी म्हणाली.

"आत्ता काही सुचत नाहीये गं मला."

"म्हणूनच देते."

आई तासत बसली. मावशी मधूनच झाकण उचलून बघायची, निखारे मागे ओढायची. मला त्या वासानं फक्त भूक लागली होती.

दिवेलागणीला बाबा चालत आले. आई रडली. मावशीनं त्यांना पाणी दिलं आणि ती पुन्हा शेगडीपाशी जाऊन बसली. तेव्हा कुठे आईला मावशीच्या नवऱ्याची आठवण झाली. "अंतोनभाऊ दिसले नाहीत?"

"सकाळीच मोर्चाला गेलेत. अजून पत्ता नाही."

दिवसभर मला मावशी निव्वळ स्वयंपाक करताना दिसली होती. आज वाटतं, आईला कामाला लावून ती स्वतःचाही जीव तिथं गुंतवत होती.

आई बाबांना म्हणाली, "तुम्ही भात लावा, मी थांबते." आणि अंतोनकाका लंगडत जिना चढून येईपर्यंत ती मावशीजवळून उठली नाही.