गौरीच्या बाटल्या

माझी मुलगी डॉक्टर व्हायला लातूरला गेली आणि इकडं नांदेडला मी रंगीत पाणी या बाटलीतून त्या बाटलीत ओतायला लागलो.

खऱ्या बाटल्या नव्हेत, कॉम्प्युटरवरच्या. माझं नळ, पाइप आणि फिटिंगचं दुकान आहे. पाणी कुठून कुठं न्यायचं हे मी पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांना शिकवत आलोय, त्यामुळं घरात हे कळल्यावर लोक जरा जास्तच हसले. पण त्याआधीचं सांगतो.

आमच्याकडं पोरानं दहावीला बरे मार्क काढले की पेढे वाटायच्या आधी लातूरला खोली बघतात. आम्हीही बघितली. गौरीला क्लास लागला, हॉस्टेल मिळालं. हॉस्टेलात मोबाईल बंद. रविवारी तिथल्या फोनवरून दहा मिनिटं घरी बोलायचं, तेही मागं रांग लागलेली असताना. जायच्या दिवशी बॅग भरता भरता ती मला म्हणाली, "पप्पा, माझा कॉम्प्युटर कुणाला देऊ नका. माझा गेम चारशेच्या वर गेलाय. तो त्याच्यातच राहतो. पुसला गेला तर पहिल्यापासून खेळावं लागतं."

"तू तिकडं अभ्यासाला चाललीस का गेमला?" मी ओरडलो. (मला जे बोलायचं असतं ते तोंडातून निघताना ओरडणं होऊन निघतं. हा आमच्या घराण्याचा आजार आहे.)

आता हा गेम काय, तर इंटरनेट उघडायचं, एका साइटवर जायचं आणि खेळायला लागायचं. काचेच्या बारक्या बाटल्या असतात. प्रत्येकीत वेगवेगळ्या रंगांचं पाणी, थरावर थर. ओतून ओतून एका बाटलीत एकच रंग आणायचा. एक-दोन बाटल्या रिकाम्या दिलेल्या असतात, त्यांच्या जिवावर सगळा खेळ. जमलं की बाटल्यांना बुचं लागतात, टिंग वाजतं आणि पुढची लेव्हल येते. एवढंच. या एवढ्याशापायी मी त्या पोरीला रोज बोलणी ऐकवली होती. "बंद कर ते" हे वाक्य मी तिच्या नावापेक्षा जास्त वेळा घेतलं असेल.

ती गेली आणि घर गप्प झालं. तशी ती काही फार बडबडी नव्हती. पण चपला काढून भिरकावायची, फ्रिज उघडा ठेवायची, त्यामुळं मला दिवसभर बोलायला विषय असायचा. आता चपला जागेवर, फ्रिज बंद, आणि मी कुणावर ओरडणार? रविवारच्या दहा मिनिटांत सहा मिनिटं बायको, तीन मिनिटं माझी आई. उरलेल्यात मी म्हणायचो, "हॅलो. बरी हाय का? जेवलीस का? अभ्यास कर. ठेवतो." आणि फोन ठेवल्यावर आठवडाभर सुचत राहायचं, काय काय बोलता आलं असतं ते.

एका दुपारी जेवायला घरी आलो होतो. गौरीच्या खोलीतला पंखा बंद करायला म्हणून आत गेलो. पंखा बंदच होता. मग कॉम्प्युटर बघितला, आणि बघितला तर चालू केला. गेम उघडला. ती अर्ध्यातून उठून गेली होती, तसाच डाव मांडलेला. हिरव्यावर पिवळा, पिवळ्यावर निळा. जशी काय पाणी प्यायला उठलीय आणि आत्ता येणार. मला त्या पोरीची लई आठवण आली. खुर्चीत बसलो आणि तिच्या वाटचं एक निळं ओतलं.

त्या दिवशी दुकान संध्याकाळी उघडलं.

त्यानंतर रोज दुपारी मी "जरा पडतो" म्हणून तिच्या खोलीत जाऊ लागलो. बायकोला, म्हणजे मंगलला, वाटायचं की पोरीच्या आठवणीनं नवरा तिच्या खोलीत झोपतो. ती बिचारी दार लोटून घ्यायची. पुढच्या रविवारी फोनवर गौरीनं विचारलं, "पप्पा, माझा गेम आहे ना?" आणि काय सांगू, मी पहिल्यांदा तिच्याशी तीन मिनिटं बोललो. तिला सांगितलं, गेम जशाला तसा हाय, मी लांबूनच बघतो, पण रिकाम्या बाटलीत घाईनं ओतू नये असं मला वाटतं. ती हसली. तिचं हसणं ऐकून मी सोमवारी दुकान बंदच ठेवलं.

पण एकदा मंगल दुपारी चहा घेऊन आली. मी झटकन स्क्रीन बंद करून आडवा झालो. तिनं टेबलावर हात टेकवला. "अहो, हा कॉम्प्युटर गरम कामून लागून राहिलाय?"

"उन्हानं," मी म्हणालो. खिडकीला पडदा होता.

मी घाबरलो. वर्षानुवर्षं त्या गेमच्या नावानं ओरडलेला माणूस मी. उद्या मंगलनं बघितलं तर माझी काय इज्जत राहील? म्हणून दुकानाशेजारच्या मोबाईलवाल्याला, सलीमभाईला, विचारलं, "भाई, कॉम्प्युटरवर आपण काय बघितलं ते पुसता येतं का?"

सलीमभाईनं माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघितलं. "शेट, या वयात?"

"तसलं न्हाई हो. गेम हाय."

"सगळे असंच म्हणतात. हिस्ट्री डिलीट करा, बस."

घरी येऊन मी हिस्ट्री उघडली. काय काय पुसायचं त्याचे चौकोन होते. मी खामखा धोका नको म्हणून सगळ्या चौकोनांत खुणा केल्या. किती जुनं पुसायचं विचारलं, तर अगदी पहिल्या दिवसापासूनचं सांगितलं. बटण दाबलं. तसल्ली झाली. मग सहज एक डाव खेळावा म्हणून गेम उघडला.

लेव्हल एक. दोन बाटल्या. आणि एक पांढरा हात येऊन मला दाखवतोय, कसं ओतायचं ते.

मी कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. पुन्हा तोच हात. प्लग काढला, घातला. हात. पोरीनं जाताना एक गोष्ट मागितली होती, तीही मी राखू शकलो नाही. आणि खरं सांगायचं तर मला गेमपेक्षा रविवारची भीती वाटली. तिनं "गेम आहे ना" विचारलं, तर आता काय बोलायचं? आणि नाही बोललो तर पुन्हा "जेवलीस का, ठेवतो" यावर यायचं?

शेवटी मंगलला सांगावंच लागलं. ती पाच मिनिटं हसली. मग म्हणाली, "दिवाळीला येईल पोरगी. तिच्या आधी चारशेपर्यंत नेऊन ठिवा. मी पण बसते."

तिथून आमच्या घराची जी वाताहत झाली ती विचारू नका. नेमकी कितवी लेव्हल होती यावर पहिलं भांडण. मंगल म्हणे चारशे दहाच्या आत, मी म्हणे बाहेर. सकाळी मंगल, दुपारी मी, संध्याकाळी पुन्हा मंगल. तिची भाकरी तव्यावर, आणि ती आतून ओरडणार, "अहो, उलथा तेवढी, माझा जांभळा अडकलाय." मी दुकानात गिऱ्हाइकाला अर्ध्या इंचाच्या ऐवजी पाऊण इंची पाइप दिला. माणूस विष्णुपुरीहून परत आला आणि एवढं बोलला की मला गौरीशी बोलणारा मी आठवलो.

आईला यातलं काही कळत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. पण सकाळची शिवपूजा आटोपली की ती येऊन मागं बसायला लागली. एकदा संध्याकाळी आम्ही दोघं उठलो तेवढ्यात तिनं माऊस हातात घेतला. परत येऊन बघतो तर दोन्ही रिकाम्या बाटल्या भरलेल्या आणि सगळा डाव कुलूपबंद.

"आई, रिकाम्या बाटल्या कामून भरल्यास?"

"मग काय तशाच ठिवायच्या? सांजच्याला घरात रिकामं भांडं ठिवत न्हाईत."

"आई, ते खरं भांडं न्हाई."

"माझ्या नातीचं हाय न्हवं? मग झालं तर."

आम्ही डाव पहिल्यापासून मांडायचो, पाठ वळली की आई भरून ठेवायची. रागावलो की म्हणायची, "पोरगी परगावी हाय. तिचं काय बी रिकामं दिसू नये." शेवटी मंगलनं दिवेलागणीनंतर कॉम्प्युटरच बंद ठेवायचा नियम केला.

आणि दर रविवारी गौरी विचारायची, "पप्पा, गेम कसा आहे?"

"जशाला तसा."

"वरच्या ओळीत कुठले रंग होते हो? मी विसरले."

"वर ना," मी म्हणायचो, "वर हिरवा. त्याच्या खाली जांभळा. तुझी ती कोपऱ्यातली बाटली अजून तशीच हाय बघ." मी असा रंगून खोटं बोलायचो की मागच्या रांगेतल्या पोरी तिला आवाज द्यायच्या. पाच पाच मिनिटं बोलणं व्हायचं. मंगल तिच्या वाट्याची मिनिटं मला देऊ लागली.

दिवाळीच्या आदल्या दिवशी आम्ही चारशेच्या थोडे पुढं पोचलो. मी एक डाव मुद्दाम अर्धवट ठेवला, ती ठेवून गेली होती तसा. दुपारच्या एसटीनं गौरी आली. वाळली होती. डोळ्यांखाली काळं. तिला बघितलं आणि मी ओरडलो, "जेवत न्हाईस का तिकडं?"

पहिला दिवस ती झोपली. दुसरा दिवस झोपली आणि करंज्या खाल्ल्या. मी तिच्या खोलीवरून येरझाऱ्या घालत होतो. "कॉम्प्युटरवर धूळ बसली असंल," मी म्हणालो. "असू द्या," ती म्हणाली. भाऊबीज झाली तरी कॉम्प्युटरला हात लावला नाही. जायच्या सकाळी मला राहवलं नाही.

"गौरी, तुझा गेम तरी बघ की एकदा."

ती बॅगेची चेन लावत होती. वर न बघता म्हणाली, "पप्पा, तो पुसला गेलाय. मला माहिती आहे. तुम्ही पुसलात त्याच रविवारी आजीनं फोनवर सांगितलं. म्हणाली, तुझ्या बापानं तुझं सगळं पाणी सांडलं."

मी दारात उभा. "मग दर रविवारी विचारत कामून होतीस?"

"तुम्ही दुसरं काही बोलतच नाही. बरी हाय का, ठेवतो. गेमचं विचारलं की बोलायचात. खोटं बोलायचात, पण किती वेळ बोलायचात. मला तिथं तुमचा आवाज ऐकायचा असायचा, पप्पा. दुसरं काय."

मला म्हणायचं होतं, नको जाऊस, राहा इथंच, डॉक्टर नाही झालीस तरी चालेल. मी म्हणालो, "एसटीची वेळ झाली. चपला घाल."

तिला बसवून घरी आलो. कॉम्प्युटर चालू केला. चारशेच्या पुढचा डाव समोर होता, दोघांनी दिवाळीपर्यंत घाम गाळून आणलेला. पण आता पुढं काय सांगणार तिला? सगळं तर जागेवर आलेलं. मी हिस्ट्री उघडली, सगळ्या चौकोनांत खुणा केल्या आणि बटण दाबलं.

रविवारी फोन आला. "पप्पा, गेम कसा आहे?"

"पुन्हा पुसला गेला बघ," मी म्हणालो. "पहिल्यापासून लागलोय. परवा काय झालं, ऐक."

मंगल शेजारी उभी होती. फोन ठेवल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "एवढं केलेलं सगळं गेलं? कसं काय पुसलं?"

"चुकून," मी म्हणालो.

तिला पटलं. माझ्या हातून चुकून काहीही होऊ शकतं, यावर आमच्या घरात सगळ्यांचा पक्का विश्वास आहे.