समाचाराला आलेली माणसं

आमच्या कडेगावच्या भागात कुणी वारलं की लोक त्या घरी समाचाराला जातात. समाचार म्हणजे दुःखातल्या माणसाजवळ जाऊन बसायचं, त्याचं ऐकून घ्यायचं. समाचार म्हणजे बातम्यासुद्धा, हे आम्हाला पुढं टीव्हीवरच्या हिंदीनं शिकवलं. माझे वडील, आबा, गेले त्या तेरा दिवसांत हे दोन्ही समाचार आमच्या सोप्यात, घराच्या पुढच्या पडवीत, एकत्र नांदले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गावात केबल नुकतीच आली होती. आबांनी हौसेनं रंगीत टीव्ही घेऊन सोप्यात ठेवला होता, रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसावा असा. सुतक म्हणून आईनं त्यावर आबांचाच टॉवेल टाकला.

माणसं एसटीनं यायची, टेम्पो करून यायची. पाणी पिऊन झालं की एकच प्रश्न, "कसं झालं वं?" मधल्या दारात बसलेली आई मग सुरुवात करायची, "सकाळी चांगला च्या घेतला हुता..." दर वेळी चहापासून. मग मिरजेचा दवाखाना, डॉक्टरांची फेरी, आबांनी मागितलेलं पाणी. "मग ह्यो औषध आणाय खाली गेला, न् ते मला म्हनलं..." इथं आल्यावर तिचा आवाज बसायचा. बायका तिला जवळ घ्यायच्या, आणि मी उठायचो. कुणाला स्टँडवर सोडायला, नाहीतर चहाचं बघायला.

मी औषध घेऊन वर आलो तेव्हा सगळं संपलं होतं. आबा शेवटचं काय बोलले ते फक्त आईला माहीत होतं. मला ते ऐकायचं होतं आणि नकोही होतं. बाप जाताना मी औषधाच्या दुकानात रांगेत उभा होतो, याची लाज वाटायची. शिवाय थकलो होतो. दिवसातून सात-आठ वेळा बाप जायला लागला तर माणूस थकणारच.

पाचव्या दिवशी विट्याकडचे चुलते आले. त्यांचं दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान. निम्मं आयुष्य तिकडं गेलेलं. बराच वेळ त्यांची नजर त्या टॉवेलवर. शेवटी म्हणाले, "आवं वैनी, दुःख हाय, मला कबूल हाय. पर जगात काय चाललंय ते कळाय नगं व्हय?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी टॉवेल काढून टीव्ही लावला.

मी त्यांचा खरपूस समाचार घ्यायला हवा होता. घेतला नाही. मला हायसं वाटलं. सोप्यातल्या सगळ्यांनाच वाटलं असावं, कारण आता कुणाला कुणाकडं बघायला नको होतं.

त्याआधी माणसं आबांविषयी बोलायची. कुणाच्या बांधाचं भांडण त्यांनी कसं मिटवलं, कारखान्याच्या निवडणुकीत सख्ख्या भावाशी कसे कडाकडा भांडले आणि संध्याकाळी त्याच्याच घरी जेवले. आता दिल्लीतलं सरकार पडणार का राहणार यावर वाद व्हायला लागले. ज्यांना ग्रामपंचायतीतलं कधी कळलं नाही तेही 'बहुमत', 'अस्थिरता' असले शब्द तोंडात घोळवायचे. शब्द टीव्हीचे, भांडणंही टीव्हीचीच. काही जण तर बातम्यांची वेळ गाठून यायचे. आबांचा फोटो टीव्हीच्या वरच होता, त्यामुळं सगळे त्यांच्याच पाया पडायला बसलेत असं वाटायचं.

दहाव्या दिवशी दुपारी मॅच होती. सोपा गच्च भरला होता, आतल्या बायकाही दारातनं वाकून बघत होत्या. कुणा पाहुण्यानं रिवाज म्हणून विचारलं, "कसं झालं वं?" आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याची मान पडद्याकडं वळली. आईनं सुरुवात केली, "सकाळी चांगला च्या घेतला हुता..." त्या दिवशी मी उठलो नाही. शेवटची ओव्हर चालू होती. ती ओव्हर मला आजही चेंडूगणिक सांगता येईल. आपण जिंकलो, पोरं ओरडली, कुणीतरी सुतक आठवून त्यांना दटावलं. आई भिंतीला डोकं टेकून बसली होती.

तेरावं झालं, पाहुणे गेले. त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, एका दुपारी आई दारात शेंगा फोडत होती. धीर करून मी विचारलं, "आई, मी खाली गेल्यावर आबा तुला काय म्हनलं गं?"

तिचे हात थांबले.

"सांगितलं की रं धाव्या दिवशी. पार शेवटपतूर सांगितलं. तू तितंच बसला हुतास."

"परत सांग की."

तिनं पुढची शेंग उचलली. "न्हाई बाळा," ती म्हणाली, "त्येवढं एकदाच जमलं."