शंकेचा तास

शिकवून झालं की आमचे सर चष्मा काढून रुमालाने पुसत आणि विचारत, "शंका?" मग थांबत. कोणी तरी काही तरी विचारेपर्यंत ते वर्गातून हलत नसत. पुढच्या तासाचे प्राध्यापक दारात ताटकळले तरी त्यांना त्याचं काही नसे. पोरांनी त्यांचं नावच शंकासर पाडलं होतं.

वाघोलीच्या आमच्या कॉलेजने नोकरदार इंजिनिअरांसाठी ऑनलाइन एम.टेक. काढायचं ठरवलं, तेव्हा यंत्रांच्या कंपनांचा अभ्यासक्रम सरांकडे आला. मीही तोच विषय शिकवत होते, म्हणून मदतीला मला दिलं. सर निवृत्तीला टेकले होते, पण उत्साह असा की माझीच दमछाक व्हायची. "हडपसरला शिफ्ट करणाऱ्याला इथे येणं जमत नाही ना मॅडम, मग आपण त्याच्याकडे जायचं," ते म्हणत.

रेकॉर्डिंगच्या पहिल्याच दिवशी व्याख्यान संपवून सरांनी कॅमेऱ्याला विचारलं, "शंका?" आणि चष्मा पुसत उभे राहिले. कॅमेरामन गोंधळला.

"सर, समोर कोणी नाहीये."

"चष्मा काढला तरी एवढं दिसतं मला."

सगळे हसले. सर हसले नाहीत. समोर माणूस नसला की आपलं बोलणं कुठे जातं तेच कळत नाही, असं नंतर मला म्हणाले.

मग त्यांनी हट्टाने शंकेचा तास ठेवून घेतला. दर रविवारी सकाळी ते विभागातल्या फोनशेजारी बसत. ज्याला काही अडलंय त्याने फोन करावा. पण कोणी करत नसे. मुलं हुशार होती, आपापल्या ग्रुपवर विचारून मोकळी होत. सर मात्र इस्त्रीचा शर्ट घालून हजर. मी कधी डोकावले तर म्हणत, "बसू नका, फोन आला तर अडचण व्हायची."

एकदा फोन आला. सर एवढ्या लगबगीने उठले की चहा लवंडला. मुलगा पासवर्ड विसरला होता. ज्यांचा स्वतःचा पासवर्ड मी काढून देत असे, त्या सरांनी त्याच्याशी पाऊण तास झटापट केली. दिवसभर खुशीत होते.

वर्ष संपताना अभ्यासक्रमाच्या समितीने तो तास बंद करायचा निर्णय घेतला. त्याऐवजी वेबसाइटवर नेहमीच्या शंका आणि त्यांची उत्तरं टाकायची ठरली. ती सरांनीच लिहून द्यावीत असा निरोप घेऊन मी गेले.

"म्हणजे विचारायचंही मीच आणि सांगायचंही मीच," सर म्हणाले. "जमेल. आमची ही गेल्यापासून घरी तेच चालतं."



शेवटच्या रविवारी मी घरून विभागात फोन लावला.

"सर, शंका होती. आमचं वॉशिंग मशीन वेग घेताना थडथडतं, आणि पूर्ण वेगात गेलं की शांत होतं. असं का?"

सर सुरू झाले. मशीनचं वजन, खालच्या स्प्रिंगा, वाढता वेग, सगळं पहिल्यापासून, एकही पायरी न गाळता.

"मॅडम," शेवटी ते म्हणाले, "हे तुम्ही तिसऱ्या वर्षाला शिकवता."

"हो सर."

पलीकडे सर चष्मा पुसत असणार.

"मग? आलं का लक्षात?"

"थोडं राहिलंय," मी म्हणाले.

"हरकत नाही," सर म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.