वरच्या दोन दातांची जागा

बोरगावच्या वरातीत दोन पाहुण्यांनी नाचण्यावरून एकमेकांच्या गचांड्या धरल्या होत्या. एकाचं नाक फुटलं होतं. तेवढ्यात ढोलवाल्या गुलाबनं फोन घेतला आणि माझ्या कानात ओरडून सांगितलं, शामराव मास्तर गेले... बँड थांबला की मार बँडवाल्यांनाच बसतो, म्हणून मी क्लॅरिनेट वाजवतच राहिलो. शूरपणा म्हणतात तो हाच.

सौंसरात क्लॅरिनेट शिकायला गेलो, तिथं मास्तरांची आणि माझी ओळख गालावरच झाली: सूर फाटला की थप्पड. शिव्या सगळ्यांना सारख्याच, शिकवणं मात्र ज्याचं त्याचं. दमेकरी वामनला तोंडाशी फुंकायची पत्ती पातळ आणि श्वास लहान. मळणीयंत्रात करंगळी गेलेल्या दिनूसाठी त्यांनी तार वळवून चावी अनामिकेखाली आणली.

माझी पाळी पांढुर्ण्याच्या गोटमारीनं आणली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून दगड चालतात. हात फोडून घे, पाय फोडून घे, तोंड नको, असं मास्तरांनी बजावलं होतं. मी नेमका तोंड वर करून नदीतल्या झाडावरचा झेंडा पाहत उभा. धोंडा आला, वरचे पुढचे दोन दात ओंजळीत पडले, आणि ते घेऊन मी दवाखान्याऐवजी मास्तरांकडे गेलो. एवढी अक्कल!

क्लॅरिनेटवर वरचे दात टेकवावे लागतात. माझं पोट त्याच दोन दातांवर होतं. मास्तरांनी आधी सुजल्या तोंडावर एक ठेवून दिली. कवळी बसवतो म्हटलं, तर म्हणाले, "वरातीत पयले तेच नाचन. टाके निंगले की ये बे."

गेलो तेव्हा घरातून किंचाळ्या येत होत्या. वाटलं, कुणाला तरी बदडून राहिले. मास्तरांची बायको, आमच्या काकू, दारातच म्हणाल्या, "तुयासाठी वाजवून राहिले. सकायपासून रगत थुकते."

आत मास्तर आपल्या धडधाकट दातांवर वरचा ओठ दुमडून वाजवत होते. ओठ फाटला होता, पत्ती लाल झाली होती.

"हिरडीवर व्होठ मोड," ते म्हणाले. "लय दुखते. पण सूर निंगते."

निघाला. तेव्हापासून तसाच वाजवतो.

परवा काकूंनी मास्तरांच्या क्लॅरिनेटचं तोंड माझ्या हातात ठेवलं. आयुष्यभर दात टेकून काळ्या रबरात दोन खड्डे पडलेत. ओठ मोडून धरलं, तर ते खड्डे बरोबर माझ्या मोकळ्या जागेत आले... फुंकलं. पहिलाच सूर फाटला, आणि मी सवयीनं गाल मागे घेतला.