आक्का आणि रिलीफ

दुष्काळाच्या साली आमच्या गावाहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरकारनं खडीचं काम काढलं. गावात सगळे त्याला ‘रिलीफ’ म्हणत. माझी थोरली बहीण, आक्का, तिथं डोक्यावर टोपल्यानं खडी वाहायची. मी नांदेडला कॉलेजात इंग्रजी शिकत होतो.

सुट्टीत घरी आलो तेव्हा तिची भाकर घेऊन मी कामावर गेलो. तिच्याकडं बघवेना, म्हणून एक टोपलं उचलायला वाकलो. तिनं ते दाबून धरलं.

“ठिव खाली. बा मलाच बोलतील.”

“एकच नेतो, आक्का.”

“न्हाई म्हनलं ना. तुझं काम तिकडं हाय.”

मी बाभळीखाली जाऊन बसलो. तिथूनही ती दिसत होती. मग तोंड फिरवलं.

नांदेडला परतल्यावर लायब्ररीतल्या जाड कोशात तो शब्द काढला. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये, तिथून इंग्रजीत आलेला. मूळ अर्थ उचलणं, ओझं हलकं करणं. पुढं त्याचे कितीतरी अर्थ झाले: दुखण्याला उतार, संकटातली मदत, पहारेकऱ्याच्या जागी येणारा दुसरा माणूस, दगडातून उठून आलेलं चित्र. वाचताना मला उचलणारी आक्काच दिसत राहिली. ओझं हलकं झालं होतं ते माझं. त्या दिवशी मेसमध्ये आणखी पोळी मागायची लाज वाटली.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती. मी तोवर नांदेडला नोकरीला लागलो होतो, माझीही बदली निघाली. “उद्या तुम्हाला रिलीव्ह करतो,” साहेब म्हणाले. मला तो शब्द तिथंही टोचला.

लातुरात बिऱ्हाड लागल्यावर आक्काला बोलावून घेतलं. तिची मान फार दुखायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गळ्याला पट्टा दिला आणि म्हणाले, “रिलीफ वाटेल.”

बाहेर येताच आक्का खदखदून हसली. “रिलीफनंच तर मान गेली की रे!”

मला हसू येईना. ऑटोत बसल्यावर मी तिला शब्दाचा अर्थ सांगितला, आणि म्हणालो, “माझ्या शिक्षणापायी तू झिजलीस.”

तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. “म्हंजे इतकी वर्षं मला बिचारी समजून राहिलास?”

“तसं न्हाई, आक्का...”

“आरं, रिलीफवर पहिल्यांदा माझ्या हातात माझी कमाई आली. माझ्या पसंतीच्या बांगड्या भरल्या मी. आम्ही पोरी लई हसायचो तिथं. मान दुखती, ते खरं हाय. पर तुझ्यासाठीच गेले, असं कुनी सांगितलं तुला?”

मी कोश उघडला होता, पण तिला कधी विचारलं नव्हतं.

ती पंधरवडाभर राहिली. स्वयंपाक करता करता कामावरच्या बायांचे किस्से सांगायची, आणि मीही पोटभर हसायचो. सांगता सांगता मध्येच तिचा हात मानेकडं गेला, की मात्र मी खाली बघायचो.