समोरचे मला ओळखत नाहीत

पाणी येणार नाही हे आमच्या गल्लीला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. मला कळलं ते सकाळी साडेसहाला, नळाखाली बादली लावून दहा मिनिटं उभी राहिल्यावर. फिरायला गेले तेव्हा बरोबरच्या तिघींपाशी कुरकुर केली, तर तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"दीदी, कल शाम को ही तो आ गया था," एक म्हणाली. "आप उसपे नहीं हो?"

उसपे म्हणजे एक नवी साइट होती. जगभरच्या लोकांची नाही, फक्त आपापल्या गल्लीतल्या लोकांची. चेरीतालच्या आमच्या गल्लीतली निम्मी घरं तिच्यावर गेली होती. पाणी कधी जाणार, कोणाकडे भाडेकरू हवाय, कुत्रा कोणाला चावला, सगळं तिथे. त्या दिवसापासून माझ्या लक्षात यायला लागलं की फिरताना या तिघी मध्येच हसतात आणि मी विचारलं तर म्हणतात, "कुछ नहीं दीदी, वो कल किसीने डाला था."

मी एकतीस वर्षं आमच्याच शहरातल्या राइट टाउन भागातल्या एका शाळेत हिंदी शिकवली. घरात मराठी, शाळेत हिंदी, असंच माझं आयुष्य गेलं. आमचं घराणं नोकरीच्या निमित्ताने इकडे हिंदी मुलखात आलं त्याला चार-पाच पिढ्या झाल्या, त्यामुळे हिंदीत मला कोणी मागे टाकलेलं मी खपवून घेत नाही. पण इथे हसण्याचं कारणच कळेना.

तरी मी लगेच गेले नाही. याआधी एकदा अशाच एका मोठ्या साइटवर मी महिनाभर होते. तिथे एका जुन्या मुख्याध्यापकांचा हार घातलेला फोटो दिसला. सत्कार झाला असेल असं वाटून मी खाली लिहिलं, "हार्दिक बधाई, आप इसके सच्चे अधिकारी थे." त्यांना जाऊन दोन दिवस झाले होते. 'थे' लिहिलं म्हणून थोडक्यात निभावलं असं मुलगी म्हणते, पण मी त्या दिवसापासून ती साइट उघडली नाही.

म्हणून या वेळी चार दिवस विचार केला. मुलगी हैदराबादला असते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर मात्र हिंदीतच येतं. तिला फोनवर विचारलं.

"आई, कर ले जॉइन. इसमें सोचना क्या है?"

"अगं, फोटो मागतात."

"तो दे दे ना."

"कुठला देऊ? चष्म्याचा की बिनचष्म्याचा?"

ती मीटिंग आहे म्हणाली.

नवऱ्याला विचारलं. ते वीज खात्यातून निवृत्त झालेत. तेही साध्यासुध्या टेबलावरून नाही, तक्रारींच्या टेबलावरून. पेपर खाली न करता ते म्हणाले, "काहून पडते त्या भानगडीत? मी इथे शांतपणे पेपर वाचून राहिलो, ते बघवत नाही का तुला?"

"तुमचा काय संबंध?"

"संबंध कसा नाही? तू तिथे गेली की लोक विचारतील, मिस्टर काय करत होते. तू सांगशील. मग लाइट गेली की सगळी गल्ली आपल्या दारात. तीन वर्षं झाली, आत्ता कुठे लोक मला विसरून राहिले."

त्यांच्या या बोलण्यात तथ्य होतं. नोकरीत असताना लाइट गेली की लोक आधी आमची बेल वाजवायचे, आणि बेल वाजत नाही म्हटल्यावर दार. मी आणखी एक दिवस थांबले. पण दुसऱ्या दिवशी गल्लीत मेथीची गाडी येऊन गेली, दहा रुपयांना दोन जुड्या, आणि तीही मला सोडून सगळ्यांना माहीत होती. मी दुपारी जेवण झाल्याबरोबर फॉर्म भरायला बसले.

फोटो चष्म्याचा दिला. पत्ता दिला. 'अपने बारे में लिखें' असं होतं, तिथे 'सेवानिवृत्त शिक्षिका' एवढंच लिहिलं. नवऱ्याचा उल्लेख कुठेही केला नाही. शेवटी लिहून आलं की तुम्ही खरंच इथे राहता की नाही हे तुमच्या एका शेजाऱ्याला विचारून आम्ही कळवू. मला ही पद्धत फार आवडली. कोणीही उठून आत शिरायला नको.

दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता फोन उघडला. लिहिलं होतं, "आपके पड़ोसी ने बताया है कि वे आपको नहीं जानते."

मी ते दोनदा वाचलं. मग नवऱ्याला वाचून दाखवलं. ते इतके हसले की चहा बशीत सांडला.

"सव्वीस वर्षं!" मी म्हणाले. "सव्वीस वर्षं मी या गल्लीत राहून राहिली!"

"मी ओळखतो ना तुला," ते म्हणाले. "पण मला कोणी विचारत नाही."

'नहीं जानते' कोणी दाबलं असेल ते शोधायला फार डोकं लागलं नाही. आमच्या अगदी समोर एक निवृत्त सरकारी अधिकारी आणि त्यांची बायको राहतात. मी त्यांना भाईसाहब म्हणते, तिला भाभी. भांडण असं कधी झालं नव्हतं, पण गेल्या वर्षभरात बोलणं आपोआप आटत गेलं होतं. समोरासमोर आलो तर मी मान हलवायची, ते दुसरीकडे बघायचे. मला वाटायचं, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, दिसत नसेल.

चहा तसाच टाकून, घरातल्याच चपला घालून मी समोर गेले. भाईसाहब ओसरीत बसून फोनवरच काहीतरी बघत होते.

"भाईसाहब, आप मुझे नहीं जानते?"

त्यांनी फोन उलटा ठेवला. "बैठिए मैडम."

"बैठूँगी नहीं. पहले बताइए."

"आपने ही तो कहा था," ते म्हणाले.

"मैंने क्या कहा था?"

"पिछली गरमी में कूरियर वाला आया था. हम दोनों अस्पताल गए थे, इनके घुटने दिखाने. उसने आपकी घंटी बजाई, पूछा कि सामने वाले कहाँ हैं, पार्सल रख लेंगी क्या. आपने कहा, हम इन लोगों को नहीं जानते. उसने मुझे फोन पर बताया. घुटने का पट्टा था, वापस चला गया. फिर से मँगवाया, बारह दिन लगे."

 मला ते आठवायला लागलं. दुपारची वेळ, नुकता डोळा लागलेला, वर कूलर बंद पडलेला. दारात कोणीतरी खोकं घेऊन उभं. घ्यायचं म्हणजे सही करा, ओटीपी सांगा, नंतर नेऊन द्या. एक वाक्य बोलले की तो जाणार होता, म्हणून ते वाक्य बोलले आणि पुन्हा जाऊन आडवी झाले. संध्याकाळपर्यंत विसरलेही. शाळेत एकतीस वर्षं मुलांना खोटं बोलल्याबद्दल उभं केलं होतं मी.

आतून भाभी आली, भिंतीला हात लावत लावत. गुडघ्याला तोच पट्टा होता. "छोड़िए ना," ती नवऱ्याला म्हणाली. "एक साल से यही पकड़ के बैठे हैं."

"गलती मेरी है," मी म्हणाले. "झूठ बोला मैंने. नींद के मारे." आणि मग बसले.

भाईसाहबांना हे अपेक्षित नव्हतं असं दिसलं. वर्षभर त्यांनी भांडणाची तयारी केली असणार आणि मी अर्ध्या मिनिटात कबूल करून मोकळी झाले होते. ते थोडा वेळ चष्मा पुसत राहिले. भाभीने खोव्याची जलेबी आणून ठेवली. सकाळी आठ वाजता मी दोन खाल्ल्या, नाही म्हणायची माझी सोयच राहिली नव्हती.

"अच्छा, चलो, ठीक कर देता हूँ," म्हणत त्यांनी फोन घेतला. पण ते ठीक होईना. एकदा 'नहीं जानते' दाबलं की परत घेता येत नव्हतं. आता गल्लीतल्याच आणखी तिघांनी 'जानते हैं' म्हणायला हवं होतं. त्यांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि पायात सँडल घातले. "चलिए. मैंने बिगाड़ा है, मैं ही करवाता हूँ."

अशी आमची वरात निघाली. पुढे ते, मागे घरच्या चपलांत मी. आमच्या गॅलरीतून नवरा बघत होता.

पहिलं घर कोपऱ्यावरच्या सुभेदारसाहेबांचं. दर गणपतीत माझ्या हातचे अकरा मोदक खाणारा हा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले, "आधार कार्ड लाई हैं?"

"आप मुझे नहीं पहचानते?"

"मैं पहचानता हूँ. प्रक्रिया नहीं पहचानती."

मी घरी जाऊन आधार कार्ड आणलं. त्यांनी फोटो आणि मी, असं दोनदा ताडून पाहिलं आणि बटण दाबलं.

दुसरीकडे वरच्या मजल्यावर ब्यूटी पार्लर चालवणारी मुलगी. तिने दार उघडलं आणि मला पाहून हात मागे बांधून उभी राहिली. "मैडम, आपने मुझे छठी में हिंदी में फेल किया था."

"कितने नंबर से?"

"दो नंबर से."

भाईसाहब भिंतीकडे बघायला लागले. मी म्हणाले, "बेटा, तो जानती तो हो ना मुझे?" ती हसली आणि म्हणाली, अच्छी तरह. मग तिने दाबलं. वर भुवया करून घ्यायला याच, असंही सांगितलं.

तिसरी फिरायला येणाऱ्यांपैकीच होती. तिने आम्हा दोघांना एकत्र पाहून आधी आतून सासूला बोलावलं, मग दाबलं.

संध्याकाळी मी त्या साइटवर आत गेले. सगळ्या जुन्या पोस्टी एका बैठकीत वाचल्या, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा संपवावा तशा. पाणी, मेथी, कुत्रा ठीक होतं. पण भाषा! 'कृप्या', 'अशुविधा', 'सुचना', 'बिमारी'. मला राहवेना. प्रत्येकाखाली मी नम्रपणे शुद्ध रूप लिहीत गेले. एकवीस ठिकाणी लिहिलं. तिसऱ्या दिवशी मला कळवण्यात आलं की काही शेजाऱ्यांना माझी उत्तरं कठोर वाटतात, सबब माझं खातं पंधरा दिवसांसाठी बंद करण्यात येत आहे.

नवरा म्हणाला, "चलो, सुटलो."

पण सुटलो नाही. दुसऱ्याच सकाळी भाईसाहबांनी गेटातून हाक मारली, "मैडम, ज़रा ये देख लीजिए, डालने वाला हूँ." त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं, वरच्या टाकीच्या सफाईबद्दल. मी दोन वेलांट्या बदलल्या, एक वाक्य काढलं. दुपारी सुभेदारसाहेब आले, मग पार्लरवाली, दरपत्रक घेऊन. आता हे रोजचं झालंय. माझी बंदी उठून महिना झाला, पण मी अजून आत गेलेले नाही, वेळच मिळत नाही. गल्लीतलं सगळं छापायच्या आधी माझ्या ओसरीवर येतं. परवा वीज जाणार असल्याची सूचना तपासायला दोघं आले होते. निघताना एकाने आत डोकावून विचारलं, "साहब तो बिजली विभाग में थे ना?"

नवरा मागच्या दाराने भाजी आणायला गेला होता. घरात भाजी होती.